गुळाचा वास येणारी भिंत

पिनांग, मलेशिया
रविवार, सकाळ

प्रिय अब्बा,

सलाम. आधी चष्मा शोधा. फ्रीजवर असेल, नाहीतर तुमच्याच डोक्यावर असेल. आणि हे पत्र लगेच अम्मीला मोठ्यानं वाचून दाखवायला बसू नका, एकदा एकट्यानं वाचा. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणारच. पण फोनवर तुम्ही बोलता तरी काय? जेवलीस का, तब्येत बरी आहे का, आणि पुढच्या क्षणाला फोन अम्मीच्या हातात. इथं येऊन मला तीन आठवडे झाले. पोटात इतकं साठलंय की आता सांगितलं नाही तर मी फुटेन. माझ्याबरोबरचा साईराज उद्या परत निघालाय. तो खंडाळ्याचा आहे, घरी पोचला की तिथून म्हसवडला कुरिअर करीन म्हणालाय.

मी जिथं जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते ती अख्खी पेठ चिनी लोकांची आहे. त्यांचे पणजे-खापरपणजे बोटीनं इथं आले आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानघरं बांधली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पुढून बघाल तर जेमतेम एक खोली मावेल एवढं तोंड, आणि आत शिराल तर घर संपतच नाही! एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि मध्येच उघडा चौक, वरून ऊन खाली येतंय, कुंडीत मासे पोहताहेत. प्रत्येक दुकानापुढं पाच फुटांची ओसरी आहे आणि सगळ्यांच्या ओसऱ्या एकमेकींना जोडलेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावर ऊन न घेता चालत जायचं. आपल्या म्हसवडच्या बाजारपेठेत कुणी एवढं शहाणपण केलं असतं तर तुम्हाला दुपारच्या नमाजाला जाताना टॉवेल डोक्यावर घ्यावा लागला नसता. आणि अम्मीसाठी खास बातमी: वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीला बरोबर दाराच्या वर एक चौकोनी भोक असतं, त्याला झाकण. कुणी कडी वाजवली की वरूनच झाकण उचलून बघायचं, कोण आलंय ते. आवडती माणसं असली तर खाली जायचं. अम्मीला असलं भोक मिळालं तर ती दिवसभर तिथून उठायची नाही.

हे सगळं मी नाचत-बागडत बघते आहे हे खरं. साईराज मला म्हणतो, तू भिंती बघतेस की लग्नाची खरेदी करतेस? पण अब्बा, प्रत्येक भिंतीपुढं उभी राहिले की मला आपल्या ओसरीतला खिळा आठवतो. त्या खिळ्यावर तीन वर्षं लटकलेली तुमची गवंडीकामाची थापी. तिच्यावर कोळ्यानं जाळं केलंय, आणि ईदला घर झाडताना अम्मी तेवढा खिळा सोडून झाडते. ती थापी खाली उतरावी, एवढंच मला हवंय. आधीच सांगून टाकते, म्हणजे पोरीनं गोड गोड बोलून शेवटी गळ्यात घातलं असं व्हायला नको.

आता देवळाचं सांगते. इथं एकेका आडनावाच्या भावकीचं स्वतःचं देऊळ आहे. आपल्याकडं भावकी म्हटलं की बांधाची भांडणं आठवतात, इथल्या भावकीनं मात्र देऊळ बांधलं, बोटीतून उतरलेल्या पोरांना झोपायला जागा दिली, आजाऱ्याला औषध दिलं. आमच्या रांगेतली अकरा दुकानघरं अशाच एका भावकीच्या देवळाची आहेत. आपल्या वाडीतल्या बिरोबाचं देऊळ भंडाऱ्यानं पिवळं, इथला देव लाल. लाल मेणबत्त्या, लाल कंदील, छताला टांगलेली गोल गोल वेटोळ्यांची उदबत्ती, ती म्हणे आठवडाभर जळते. आणि छपरावर जे काही आहे ते बघून मी अर्धा तास मान वर करून उभी होते. घोडे, योद्धे, फुलं, माशाच्या शेपटीचे नाग, सगळे रंगीत चिनी मातीचे. जवळून बघितलं तर काय, फुटक्या वाडग्यांचे तुकडे! चिमट्यानं नखाएवढे कापायचे आणि चुन्यात बसवायचे. नागाचं एकेक खवलं म्हणजे कुणाच्या तरी घरातला फुटलेला वाडगा.

हे काम करणारा म्हातारा म्हणजे आह सेंग मिस्त्री. वय चौऱ्याहत्तर, अंगात बनियन, तोंडात सिगरेट, आणि छपरावर मांजरासारखा चढतो. त्याची इंग्रजी चार शब्दांची आणि माझी चिनी शून्य, त्यामुळे आमचं छान जमतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला दुकानघराच्या मागच्या अंगणात नेलं आणि एका खड्ड्यावरचं फळकूट उचललं. अब्बा, मी जागच्या जागी थांबले. गुळाचा वास! भिजलेल्या चुन्याचा आणि गुळाचा तोच तो एकत्र वास, जो लहानपणी तुमच्या सदऱ्याला यायचा आणि मी शाळेतून आल्या आल्या नाक खुपसायची. ते लोक चुन्यात उसाची काळी काकवी घालतात आणि तागाऐवजी कागदाचा लगदा. बेलफळ आणि हिरडा त्यांना ठाऊक नाही, बाकी सगळं तेच. मग त्यानं थापीवर चुन्याचा गोळा घेतला आणि थापी उलटी धरली. गोळा पडला नाही. त्यानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. तुम्हीही असंच करायचात आणि म्हणायचात, "मुरला गं मुरला, आता ह्यो भितीला सोडत न्हाई." मला तिथं रडू आलं आणि आह सेंगला वाटलं, चुना डोळ्यात गेला. त्यानं तांब्याभर पाणी आणून माझ्या तोंडावरच मारलं.

त्याला मी फोनमधला आपल्या मागच्या हौदाचा फोटो दाखवला. तुम्ही माझ्या जन्माच्या वर्षी घोटलेला तो हौद, ज्याच्या कडेला अजून तोंड दिसतं. म्हाताऱ्यानं फोन हातात घेतला. पडद्यावर बोट फिरवून बघितलं, जणू त्याला गुळगुळीतपणा कळणार होता. मग विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. त्यानं सिगरेट विझवली आणि सगळ्या गड्यांना हाका मारून तो हौद दाखवला. माझी छाती एवढी फुगली की काय सांगू! वसीमभाईच्या लग्नातसुद्धा मी एवढी मिरवले नव्हते.

आणि याच अकरा घरांतली चार घरं ओली आहेत. वीसेक वर्षांपूर्वी कुणी तरी जुन्या विटांच्या आणि चुन्याच्या भिंतीवर झकास सिमेंट चढवलं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे, त्याखाली पांढरं मीठ, आणि हात लावला की विटेचं पीठ. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, त्याला बाहेर पडायला वाट नाही. आमच्या साहेबांनी मला विचारलं, याचं कारण तुला ओळखता येतं का? अब्बा, मला ओळखायची गरजच नव्हती. मी ती भिंत आधी बघितली होती.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. सहा वर्षांपूर्वीची ती बैठक तुम्ही विसरला नसणार. मी विश्रामबागला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीला आले होते. बिरोबाच्या देवळाच्या आतल्या भिंतींना नवा गिलावा करायचा होता. तुम्ही म्हणत होता चुना, समितीचे लालासाहेब म्हणत होते जत्रेच्या आत उरकायचं तर सिमेंट. मिटेना तेव्हा बिराप्पा पुजारी म्हणाले, कौल लावू. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर चुना, डावी पडली तर सिमेंट. त्यांनी पाकळ्या ओल्या करायला घेतल्या, आणि तुम्ही हात वर केलात. "आवं, देवाला कशापायी तरास देताय? माजी कशिश इंजिनेर व्हाय लागलीया, तिलाच इचारू की!" सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. आणि मी काय केलं? पुस्तकातलं पान डोळ्यांपुढं आणलं आणि म्हटलं, सिमेंट. अठ्ठावीस दिवसांत पूर्ण ताकद येते. तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत. लहानपणी तुम्हीच मला सांगितलं होतं की भिंत श्वास घेते, आणि मी हसले होते. तुम्ही तेव्हा ते पुन्हा सांगू शकला असता. तुम्ही फक्त म्हणालात, "पोरगी म्हणती तसं," आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट कालवलंत.

आपल्या माण तालुक्यात पाऊस तो किती, पण तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस आठवडाभर बसला आणि देवळाची भिंत घामेजली. गिलावा सुटला तो दगडावर कोरलेली जुनी फुलं घेऊनच सुटला. त्या दिवशी लालासाहेब दारात येऊन ओरडले, "मिस्त्री, लय भरवसा हुता तुमच्यावर. देवळाची पार वाट लावली तुमी." तुम्ही म्हणालात, "चूक माजीच हाय." मी आत चुलीजवळ उभी होते, अब्बा. सगळं ऐकत होते. माझ्या नावाचा एक शब्द तुमच्या तोंडून गेला नाही, आणि मीही बाहेर आले नाही. संध्याकाळी तुम्ही थापी धुतलीत, पुसलीत आणि खिळ्याला लावलीत. पुढं मी जुन्या इमारतींचं शिकायला घेतलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, चांगल्या नोकऱ्या असताना हे कशाला? मी म्हटलं, आवड. आवड नव्हती, लाज होती. आवड नंतर लागली, आणि इथं आल्यावर तर वेडच लागलंय.

काल आह सेंगला मी हे सगळं सांगितलं, अर्धं हातवाऱ्यांनी. तो मला देवळात घेऊन गेला. त्यांच्यातही कौल आहे! लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. प्रश्न विचारून जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होय. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. मी हातात घेतल्या नाहीत, अम्मीला तसं सांगा. म्हाताऱ्यानंच माझ्यासाठी टाकल्या. प्रश्न माझा होता: माझे अब्बा पुन्हा थापी हातात घेतील का? दोन्ही सपाट वर आल्या. मी घाबरून विचारलं, म्हणजे काय? आह सेंग पोट धरून हसला. म्हणाला, म्हणजे देव हसतोय. असा हसला की समजायचं, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलाय.

म्हणून तुम्हाला विचारते आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही देवाला बाजूला ठेवून मला विचारलंत आणि मी चुकले. आज मी देवाला बाजूला ठेवून तुम्हाला विचारते. लालासाहेबांना वेगळं पत्र याच पाकिटात आहे, बंद केलेलं. त्यात सगळं खरं लिहिलंय, माझ्या सहीनं, आणि येत्या रविवारी बिराप्पांनी ते देवळात सगळ्यांपुढं वाचावं असंही लिहिलंय. ते दडवून ठेवू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. अडीच महिन्यांनी मी परत येते. सिमेंट मी स्वतःच्या हातानं खरवडणार, हळू, उरलेल्या फुलांना धक्का न लावता, ते मला इथं शिकवलंय. पण चुना लावणं मला येत नाही, अब्बा, आणि आह सेंगलाही ते बेलफळाचं जमत नाही. चुना मुरायला अडीच महिने लागतात, म्हणजे खड्ड्यात चुना या आठवड्यातच भिजायला हवा. फोनवर उत्तर देऊ नका, तुम्ही पुन्हा जेवलीस का विचाराल आणि मी पुन्हा गप्प बसेन. वसीमभाईला सांगून ओसरीतल्या खिळ्याचा फोटो पाठवा. नुसता रिकामा खिळा.

तुमचीच, चुलीजवळून बाहेर आलेली,
कशिश