घाटातलं हसणं

रविवार, संध्याकाळ

चिखलदऱ्याहून दुपारी परतलो. कंबर धरली आहे, पण डोक्यातून ते हसणं जात नाही.

कंपनीतले आम्ही पाच जण, पाच मोटरसायकली, प्रत्येकाच्या मागे बायको. सगळ्यांच्या अंगात कंपनीतून मिळालेले सारखेच निळे रेनकोट. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो तर धुकं एवढं की शेजारचा दिसेना. आमचा रिवाज असा, की पुढच्याने हॉर्न मारला की लगेच निघायचं. हॉर्न वाजला, मागे कोणीतरी बसलं, मी निघालो. सुनीता एक शब्द बोलली नाही. घरीही कुठे बोलते? म्हणून मीही गप्प.

पुढे प्रमोदची गाडी. तो मोठमोठ्याने गात होता आणि वळणावळणाला त्याच्या मागची बाई खळखळून हसत होती. मनात आलं, नशीब काढलं लेकाने, बायको किती हसते!

वर पोचून हेल्मेटं काढली, तर माझ्या मागे प्रमोदची बायको आणि त्याच्या मागे सुनीता. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण इतक्या वर्षांत घरच्या माणसाचं हसणं मला ओळखू येऊ नये?

घरी आल्यावर सुनीताला विचारलं, "तुले समजलं नाही काय वं?"

"मले वाटलं तुम्हीच गाऊन राहिले. म्हणून तं हसू आवरेना."

मी कधी गातो? खरंच तसं वाटलं तिला, की माझं मन राखलं? काही कळत नाही.

ती आत भाजी चिरते आहे. मी मघापासून एखादं गाणं आठवून पाहतोय. एकही पूर्ण येत नाही.