पाचवी पेनल्टी

३ सप्टेंबर, सकाळी ७.१०
काल फुटबॉलची फायनल पाहिली. एकशे वीस मिनिटं बरोबरी, मग पेनल्ट्या. शेवटची ज्याने बाहेर मारली तो पोरगा जर्सीत तोंड खुपसून बसला आणि कॅमेरा काही त्याच्या पाठीवरून हलेना. चिरंजीव म्हणाले, बाबा, रडताय काय, आपली टीम होती का ती? मी रडत नव्हतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून डोळ्याला पाणी येतं.

संकल्प : शूट-आउटचा नियम बदलून घेणे. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. नियम म्हणजे तरी काय, मजकूरच. चूक दिसली की समासात खूण करायची. आठ दिवसांत आराखडा तयार.

शिवाय मला अनुभव आहे. सेहेचाळीस वर्षांपूर्वी छापखान्याचा संघ फायनलला गेला होता, वीज कंपनीविरुद्ध. पाचवी पेनल्टी माझ्या नावावर होती. ऐनवेळी डावा घोटा सुजला. नाइलाज झाला. माझ्याऐवजी आमचा मशीनमन गेला. माझा जिवलग. बॅकला खेळायचा, जन्मात गोल मारलेला नव्हता. चेंडू खांबाला लागला. आपण हरलो. तेव्हापासून त्याचं नाव खांब.

५ सप्टेंबर
खांबवहिनींचा फोन. जूनमध्ये खांबाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घर इथून तीन स्टॉपवर. वहिनी म्हणाल्या, भावोजी, तुमचं नाव काढलं की दाराकडे बघतात. म्हटलं, येतोच. एक मोठं काम हातात आहे, त्याच्याच हिताचं. ते तडीला नेऊन येतो. रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे जाणं बरं दिसत नाही.

सूचना क्र. १ : पेनल्ट्या सामन्याच्या आधीच उरकाव्यात. म्हणजे ज्याची हुकेल त्याला भरपाई करायला अख्खा सामना हाताशी. किती सोपं! आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

६ सप्टेंबर
सुचलं होतं म्हणे. सलूनवाला म्हणाला, काका, हे जुनं आहे. आणि पेनल्ट्या जिंकलेली टीम मग गोलपुढे चटई टाकून झोपेल की. अर्ध्या दाढीवर वाद घालणं सुरक्षित नसतं.

८ सप्टेंबर, दुपारी
सूचना क्र. २. पहाटे अंथरुणातच स्फुरली. अकरा खेळाडू, अकरा चेंडू, एकच शिटी. सगळ्यांनी एकदम मारायचं, जाळीत गेलेले मोजायचे. कुणाचा हुकला, कळणारच नाही. समुद्रावर पाऊस पडतो तेव्हा कुठला थेंब कुठे पडला हे कोण विचारतं? (ही ओळ आराखड्यात घालणे.)

सलूनवाला : गोलकीपरचा विमा कोण काढणार?

दुसरं सलून शोधणे.

९ सप्टेंबर
सूनबाईकडून दोन्ही सूचना फेडरेशनला ई-मेलने धाडल्या. दोन मिनिटांत उत्तर! 'आपला संदेश मिळाला. कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' दोन मिनिटांत म्हणजे माणूस वाटच बघत बसला असणार. सूनबाई म्हणाली, ते मशीन पाठवतं. मशीनला हल्ली इतकं सौजन्य असेल तर आनंदच आहे.

मग म्हणाली, "बाबा, फेडरेशन कुठे पळून जात नाही. काकांचं तसं नाही."

हिला कामाचा अग्रक्रम कळत नाही.

११ सप्टेंबर
सूचना क्र. ३ : पेनल्टी कुणी मारायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. चिठ्ठी निघाली की सबब चालणार नाही.

पुन्हा वाचली आणि खोडली. कठोर वाटते. खरोखरच दुखापत झाली असेल तर? माझंच बघा. उजवा घोटा असा टम्म फुगला होता की बुटात पाय जाईना. अशा माणसाला चिठ्ठीच्या जोरावर पुढे ढकलायचं? नियमात करुणा हवी.

१४ सप्टेंबर
दिवसभर जुन्या आठवणी. शाळेत मी आणि खांब एकाच बाकावर. मला पुस्तकातल्या सगळ्या कविता पाठ, त्याला एक नाही. तो मला कविराज म्हणायचा. मास्तरांनी उभं केलं की मी खालून ओळी पुरवायचो आणि तो त्या मोठ्याने, चुकीच्या चालीत म्हणायचा. त्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारं मैदान अजून डोळ्यांसमोर आहे. गोलचे खांब म्हणून तेव्हा दोन दप्तरं असायची. दप्तराला लागून चेंडू परत आला तर आम्ही गोल धरायचो.

फायनलनंतर बसमध्ये स्मशानशांतता होती. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी दोन ओळी केल्या :

धावत आला वीर आमुचा, हादरले ते अंबर,
चेंडू म्हणे, जाळी नंतर, आधी खांबाचा नंबर.

बस हसून लोळली. सगळ्यात जास्त तोच हसला. नाव चिकटलं, त्याला मी काय करणार? प्रेमानेच ठेवलं होतं. कँटीनमध्ये तो आला की पोरं चमच्याने टेबलाचा पाय वाजवायची, ती मात्र माझी कल्पना नव्हती. तो पुन्हा मैदानावर आला नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांना ऐन भाषणात त्याचं खरं नाव आठवेना. 'आपले खांब' म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या. हार घालून खाली आला आणि माझ्या शेजारी बसला. सगळ्या सोडून तीच खुर्ची घेतली.

१७ सप्टेंबर, सकाळी
वहिनींचा पुन्हा फोन. सूनबाईने घेतला. डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. आज जाणारच. इस्त्रीचा शर्ट.

तोच दिवस, ११.३०
गेलो होतो. स्टॉपपर्यंत. आराखड्याची फाइल घरीच राहिली म्हणून परतलो.

तोच दिवस, १२
फाइल पिशवीतच होती.

२० सप्टेंबर
फेडरेशनचं सविस्तर पत्र आलं! सूनबाईला वाचायला सांगितलं. 'फुटबॉलवरील आपल्या प्रेमाबद्दल आभार. ज्येष्ठ नागरिकांना स्टेडियमच्या तिकिटात तीस टक्के सवलत आहे.' पुढे शूट-आउटबद्दल काय म्हणतात, विचारलं. तिने पान उलटून दाखवलं. कोरं होतं.

मग माझ्या चपला दारापाशी सरळ करून ठेवल्या. म्हणाली, उद्या दहाच्या बसने. मी सोडायला येते.

२१ सप्टेंबर, दुपारी ४
जाऊन आलो.

खांब खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. केवढासा झालाय. मला पाहून अर्धा चेहरा हसला, अर्धा जागच्या जागी राहिला. मी लगेच फाइल उघडली. सूचना एक वाचली, दोन वाचली. अकरा चेंडूंना त्याचं पोट हललं. पुढचं पान उलटलं तर त्याने डावा हात फाइलवर ठेवला. मग बोट माझ्या डाव्या घोट्याकडे केलं. मग उजव्याकडे. आणि भुवया उंचावल्या.

मला समजलं नाही. म्हणजे समजलं.

वहिनी पलंगाच्या पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सहज म्हणाल्या, "विचारतायत, कुठला? अहो, मैदानातून बाहेर येताना तुम्ही डाव्या पायाने लंगडत होता म्हणे, आणि बसमध्ये चढताना उजव्या. लग्न झाल्यापासून ऐकतेय. हसू आवरायचं नाही त्यांना."

विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे?

"छे. मला बजावलंय, बाहेर बोलायचं नाही, कविराजाला लागेल. म्हणायचे, एक दिवस तो आपल्या तोंडाने सांगेल बघ. तेव्हा दोघं मिळून हसू."

तो माझ्याकडे बघत होता. घाई नव्हती त्याला. दाराबाहेर सूनबाई उभी होती. मी म्हटलं, तुला शाळेतली कविता म्हणून दाखवू? आणि म्हटली. अकरा कडवी, एकाही ठिकाणी अडखळलो नाही. एक वाक्य तेवढं बाहेर पडलं नाही.

शेवटी माझा हात आपोआप डाव्या घोट्यावर गेला. खांबाने ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातावर थोपटलं आणि डोळे मिटले.

निघताना वहिनी म्हणाल्या, उद्याही या. आज किती दिवसांनी हसले.

तोच दिवस, संध्याकाळी ६
शुद्धिपत्र

३ सप्टेंबर : 'डावा घोटा सुजला' याऐवजी 'घोटा सुजला नव्हता' असे वाचावे.
११ सप्टेंबर : 'उजवा घोटा'. वरीलप्रमाणे.
३ सप्टेंबर : 'नाइलाज झाला' याऐवजी 'भीती वाटली' असे वाचावे.
५ सप्टेंबर : 'त्याच्याच हिताचं'. हे शब्द गाळावेत.
१४ सप्टेंबर : 'कुणीतरी बोलायलाच हवं होतं'. बरोबर आहे. पण ते नव्हे.
१४ सप्टेंबर : 'सगळ्यात जास्त तोच हसला'. कायम.

बाकी चुका वाचकांनी सुधारून घ्याव्यात, असं पूर्वी आम्ही शेवटी छापत असू. इथे वाचक एकच आहे. उद्या दहाच्या बसने ही वही घेऊन जाणार आणि हे पान त्याला वाचून दाखवणार. पाच मिनिटांचं काम. सेहेचाळीस वर्षं उगाच बाऊ केला.

आराखडा रद्द. नियमात काही चूक नाही.

२२ सप्टेंबर, सकाळी १०.०५
वही पिशवीत घातली. चष्मा घेतला. चपला घालताना घोट्यात कळ आली. डाव्या. सूनबाईला सांगितलं. तिने पिशवी माझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली.

दहाची बस खिडकीतून दिसली. बसायला भरपूर जागा होती.