काळी बाजू, केशरी बाजू

१२ जानेवारी २०२५, रविवार

केस केशरी झाले! वाइन रंगाचे व्हायचे होते, झाले झेंडूच्या फुलासारखे. ते पण अर्धेच.

अर्धेच ठरलं होतं म्हणा. मधोमध भांग, डावीकडे काळे, उजवीकडे वाइन – सध्या सगळ्या पोरी तेच करून राहिल्यात. रील बघून बघून माझ्याही डोक्यात बसलं. कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्यासोबत कामाला असते ती धम्मप्रिया विष्णुपुरीहून ब्रश, वाटी, पुड्या सगळं घेऊन आली. आई दुपारची झोपली होती. मोरीत स्टूल टाकून बसले, गळ्यात जुना टॉवेल. तिनं उजव्या बाजूला ब्लीच लावलं, वरून चांदीचा कागद गुंडाळला. धुतलं तर हा रंग!

"तू आतापर्यंत काय लावत होतीस गं?"

"काळी मेहंदी."

तिनं कपाळावर हात मारला. "अगं माय! आधी नाही का सांगायचं? मेहंदीवर ब्लीच मारलं की असंच होते. आता वर काही लावू नको, केस हातात येतील."

मेहंदी मी कुठं लावत होते, आईच लावायची. विसाव्या वर्षी माझे केस पांढरे दिसायला लागले तेव्हापासून. "पोरीचे केस पिकलेले दिसले तर स्थळ कसं यावं?" – स्थळ काही आलं नाही, मेहंदी चालूच राहिली. आता तेहतीस लागलं मला. एकदा तरी आपल्या मर्जीनं काहीतरी करावं वाटलं, बस. करायला गेले गणपती, झाला मारुती!

धम्मप्रिया हसत हसत गेली. मी पण हसले. मग आई उठली. दारात उभी राहून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोन पाहिजे बाई तुम्हाला? गीता घरी न्हाई."

मला वाटलं गंमत करते. गंमत नव्हती.

१३ जानेवारी

आजपण ओळखलं नाही.

दोन वर्षं झाली, आईची आठवण जाऊन राहिली. लातूरच्या दादाचं नाव चुकते, त्याच्या लेकरांची तर गेलीच. शिरूर अनंतपाळचं माहेर मात्र कालच्यासारखं सांगते. पण मला – मला ती कधीच चुकली नव्हती. सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द "गीता". मी दादाला फोनवर ऐटीत सांगायचे, मला तर ओळखते बाबा! ती ऐट चांगली जिरली.

डोक्याला रुमाल बांधून बघितला. आई घाबरली. रुमाल सोडला.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी आईनं माझ्याच हातावर तिळगूळ ठेवला. "घे बाई. गोड बोल. चहा घेऊन जाशील." पाहुणीला बोलतात तसं. मी "हो काकू" म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

नंतर खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून भाजी निवडत होते. बाजूनं आईचा आवाज – "गीता, कवा आलीस गं? ह्या पोरीचा पत्ताच नसते!"

भाजी हातातून सुटली. मी वळून बघितलं तर तिचा चेहरा परत परका. "कोन तुम्ही?"

तेव्हा कळलं. तिच्याकडं काळी बाजू असली की मी गीता. केशरी बाजू असली की दुसरीच कोणी. परत वळले. "गीता, भाजी नीट निवड." रडू आलं, हसू पण आलं. पण आई आहे! डाव्या बाजूला का होईना, आहे.

१९ जानेवारी, रविवार

आता जमतंय. खाट भिंतीपासून ओढली, दोन्ही अंगांनी बसता यावं म्हणून. आंघोळ, जेवण, गोळ्या – सगळं काळ्या बाजूनं. परकीच्या हातचं ती खात नाही. भाजी वाढताना चुकून वळले तर ताट सरकवते. "आमची पोरगी येईल, ती वाढंल."

मान दुखते. एकाच बाजूला वळवून चालायचं म्हणजे!

गीता म्हणून मला काय मिळते? "केस कशे झिपरे करून राहिलीस. आवाज हळू. पदर – ओढणी नीट घे." जन्मभर हेच. तक्रार नाही. हेच ऐकायला मिळावं म्हणून तर मान मोडून घेऊन राहिले.

२६ जानेवारी

आज झेंडावंदन करून आले ती विसरून केशरी बाजूनंच बसले. आईनं निरखून बघितलं.

"तू ती पार्लरवाली पोरगी न्हाई का?"

म्हटलं, हाव.

"बस. माझी पोरगी कालेजात गेली. येईल आता." मग माझ्या केसांना हात लावला. "रंग चांगला हाय. आमच्या शिरूरला पळस फुलायचा तसा."

मी विचारलं – पोरगी कशी आहे तुमची?

का विचारलं कुणास ठाऊक. आई हळू आवाजात बोलायला लागली, दाराकडं बघत बघत. "लई गुणाची हाय गं. तिचे वडील गेले तवा एवढीशी होती. मी रडले की माझं डोकं मांडीवर घ्यायची – मी तिची लेक असल्यावानी. असं लेकरू नशिबानं भेटते."

मी म्हटलं, हे तिला सांगितलं का कधी?

"छ्या! तोंडावर म्हनू नये. नजर लागते. आपल्या मानसाची तर लई लवकर लागते."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. दहावीला शाळेत पहिली आले होते. पेढे घेऊन धावत घरी आले तर आई म्हणाली होती – "डबा धुतलास का?" तेवढंच! अख्खं वय मी समजून बसले की आईला माझं काही वाटतच नाही. आणि ती बिचारी नजर लागू नये म्हणून जीभ चावून बसलेली.

२ फेब्रुवारी

कॉलेजातून आले की हातपाय धुते, गीता होऊन चहा देते. मग बाहेर जाऊन येते आणि केशरी बाजूनं बसते. आई वाट बघते त्या पोरीची. "आलीस का? ये, बस."

धम्मप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, "वेडी झालीस का? स्वतःच्याच आईकडं चोरून जाऊन राहिलीस." खरं आहे. पण मी थांबणार नाही.

आज कळलं – लहानपणी माझ्या तापात आईनं माहूरच्या रेणुकेला नवस केला होता, आणि अनवाणी गेली होती. आणि मला म्हणे पिठलं तिच्या आईपेक्षा चांगलं जमते. हे तर मी लिहून ठेवणारच!

९ फेब्रुवारी

दादा आला. दारातच ओरडला, "गीते! हे काय करून ठेवलंस? वय काय, थेरं काय!"

मग आईनं त्याच्यासमोर मला "तुम्ही कोन?" विचारलं. जाताना दादा एवढंच म्हणाला, "काळे करून टाक. आईला तिची पोरगी दे परत."

त्याला कसं सांगू? आईला पोरगी मिळेल, पण मला जी आई आत्ता कुठं मिळाली, तिचं काय? मी केस काळे करणार नाही. नाहीच करणार. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

१६ फेब्रुवारी

आज आई म्हणाली, "तिला एक सांगायचं हाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तू सांगशील?"

"सांगते. काय?"

दाराकडं बघितलं. "आज नको. ती येईल एवढ्यात. पुढच्या खेपेला सांगते."

मी चिकटून विचारलं. "पुढच्या खेपेला म्हनलं ना!"

२३ फेब्रुवारी, रविवार

आईला कालपासून ताप. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले. सुई टोचताना आईला धरायला समोरून मिठी मारली – समोरून दोन्ही बाजू दिसणार की! अर्धी गीता, अर्धी परकी. तिला काही समजेना. मला ढकलायला लागली. "माझ्या पोरीला बोलवा! गीताला बोलवा कोनीतरी! गीते गं!"

मी म्हणत होते, आई, मीच आहे, मीच आहे. ती माझ्या खांद्यावरून दाराकडं बघून मला हाक मारत होती.

असं कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी स्वार्थी आहे. मला गोड ऐकायची चटक लागली, आणि ज्या वेळी तिला मी पाहिजे होते त्या वेळी मी नव्हते.

२४ फेब्रुवारी

धम्मप्रियाला बोलावून सगळे काळे करून घेतले. पुष्कळ केस तुटले. तिनं गोळा केले. आज हसली नाही.

आरशात बघितलं. तीच जुनी मी.

२५ फेब्रुवारी

आईचा ताप उतरला. सकाळी डोळे उघडले – "गीता."

समोरून बघत होती. पूर्ण चेहऱ्याकडं! "कुठं होतीस गं इतके दिवस?" माझे हात धरून ठेवले. पेज भरवली, सगळी प्यायली. मान सरळ ठेवून बसले होते. किती दिवसांनी!

चांगलं केलं काळे केले ते. चांगलंच केलं. दादाला फोन केला तर त्याला रडू आलं.

१ मार्च

"झिपरी. ओढणी नीट घे. आवाज हळू."

२ मार्च, रविवार

संध्याकाळी आई सारखी दाराकडं बघत होती. म्हटलं, कुणाची वाट बघतेस?

"ती केशरी केसांची पोरगी येत न्हाई का गं आता? तिला एक सांगायचं राहिलं."

"मला सांग ना आई. मी सांगते तिला."

माझ्याकडं बघितलं. पूर्ण ओळखून बघितलं.

"तुला कसं सांगू? तुझंच हाय ते." मग तोंड फिरवलं. "डबा धुतलास का?"