एका गाण्याला दोन नावं

३ नोव्हेंबर, सोमवार
दु. १ ची फर्माईश. गिरणीवरच्या पेटीत अकरा चिठ्ठ्या, वेळ अर्धा तास. एकाच गाण्याच्या चिठ्ठ्या आल्या की नावं जोडून वाचायची, ही आमच्या छोट्या रेडिओची बारा वर्षांची रीत. आजही तेच. "शाळेमागच्या मंगलताई आणि मोटार वायंडिंगवाले प्रकाशभाऊ, दोघांच्या आवडीचं हे गाणं..." गाणं प्रेमाचं. घसा बसलाय. गुळण्या करणं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रकाशला मारलं. पारावर कुणीतरी मंगलच्या नवऱ्याला, दिगंबरला, चिडवलं म्हणे, जोडी झकास जमली म्हणून. तो नि त्याचे दोन भाऊ. दुकानातून ओढून त्याच्याच पान्यानं गुडघा फोडला. मग बोटं उंबऱ्यावर दाबून वरून शटर पाडलं. शटर! रस्त्यावर एवढी माणसं, एक हललं न्हाई. बुद्धविहारामागं राहतो ना प्रकाश, मग कोण कशाला मधी पडतंय.
दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मी जोडले. मुडदा बसवला त्या रीतीचा!

५ नोव्हेंबर, बुधवार
लातूरला दवाखान्यात. प्रकाशच्या आईनं मला आवाजावरून ओळखलं. वाटलं शिव्या घालतील. म्हणाल्या, "बाई, खरं काय ते रेडिओवर सांग. पोरानं गाण्याची चिठ्ठी टाकली, येवढंच हाय."
दोन बोटं काढली. वायंडिंगवाल्याची बोटं.
सांगते म्हणाले. परत आले तर गिरणीवाल्या शकुबाईंनी आत ओढलं. मंगलच्या चिठ्ठ्या दळणाच्या डब्यातून येतात, घरात कुणाला पत्ता नाही. दिगंबर म्हणतो, प्रकाशनंच बायकोचं नाव टाकलं. शकुबाई : "तिनं सोता लिव्हली म्हून कळलं तर जित्ती ठेवत न्हाईत तिला. निस्त्या संशयावर पाठ सोलून काढलीय."
खरं बोलले तर मंगल जाते. गप्प बसले तर प्रकाश खोटा. आणि चूक कुणाची? माझी.

६ नोव्हेंबर, गुरुवार (डाव्या हातानं)
तिघं स्टुडिओत घुसले. दिगंबरनं माईकचा स्टँड उपसून मिक्सरवर घातला, खुर्ची काचेतून बाहेर. मी चिठ्ठ्यांचा डबा पोटाशी धरलेला. "सोड!" नाही सोडला. मनगटावर स्टँड बसला, हाड मोडल्याचं मलाच ऐकू आलं. मी चावले त्याला. हो, चावले, दंडाला, रक्त येईस्तोवर. आणि तो बोंबलत होता तेवढ्यात मंगलची चिठ्ठी, तिच्याच अक्षरातली, तोंडात कोंबली नि गिळली.
जाताना म्हणाला, "उद्या दुपारी बोलायचं, दोनी चिठ्ठ्या त्यानंच टाकल्या म्हून. न्हाईतर आत कोंडून पेटवून देतो."
प्लॅस्टर. पोलिसात तक्रार दिली. आमचे केंद्रप्रमुख सर म्हणाले, "ताई, आठवडाभर बंद ठेवू." म्हटलं, जुना माईक काढा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बोलले. दारात पोलीस, काच नाही, वारं सरळ माईकमध्ये.
"सोमवारी चिठ्ठ्या कमी पडल्या. ती दोन नावं मी मनानं घातली. चिठ्ठी कुणीच टाकली नव्हती. चूक माझी एकटीची."
साफ खोटं. बारा वर्षांत एक नाव मनानं घातलं नाही मी. मोठ्या स्टेशनवाले लाखभर लोकांना 'मित्रांनो' म्हणतात, आम्ही नावानं हाक मारतो. तेवढंच होतं आमच्याकडं. सरांनी मान वर केली नाही.
संध्याकाळी शकुबाईंचा निरोप : मंगलला आज मारलं न्हाई.
आज.

१० नोव्हेंबर, सोमवार
पेटीत चिठ्ठी एकही नाही. कुणीतरी शेण भरून ठेवलंय. डाव्या हातानं काढत होते. गिरणीवर पाच-सात बाया, त्यात दिगंबरची चुलती, दळण धरून, कान माझ्याकडं.
रुक्मिणमावशी पुढं आल्या. त्यांचा मुलगा चार वर्षं झाली नांदेडला गेला तो गेलाच. फोन नाही, सणाला येणं नाही. फक्त मधूनमधून आईसाठी गाण्याची फर्माईश रेडिओच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवतो. ती मी वाचते, तेवढीच काय ती त्याची खबर.
"बाई, एक इचारू? माझ्या पोराची फर्माईश वाचायचीस, आईसाठी म्हून. ती बी तूच मनानं घालायचीस का गं?"
गिरणी बंद केली शकुबाईंनी. चुलती माझ्या तोंडाकडं बघून राहिली. खरी म्हणाले तर ही विचारणार, मग ती दोनच नावं कशी मनानं घातलीस?
"बोल की," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझा प्लॅस्टरचा हात धरला होता.