नावेला शेंदूर

॥ श्री ॥

बेलवाडी, ता. ४ मे १९७४

चि. कुंडलिक यास मथुराअक्काचे अनेक आशीर्वाद. सोलापूरच्या उन्हात रंगाच्या दुकानात बसून वाळू नकोस.

तुझ्या दाजींचं मन थाऱ्यावर नाही. गेल्या श्रावणात भर पात्रात नावेत पाणी शिरलं, आणि आत नेमक्या ह्यांच्या आईच, आत्याबाई. सगळे वाचले, पण त्यांनी लेकाच्या नावेत पुन्हा पाय ठेवला नाही. पलीकडच्या काठाला दिलेली त्यांची लेक केराबाई आषाढात बाळंत व्हायची, तेव्हा नदी भरलेली असणार. आताच पाणी कमी आहे तोवर चालत जाऊन राहा म्हटलं, तर शेळ्या कोण बघंल म्हणतात. आई नावेत बसली नाही तर मी नाव विकीन, असं हे परवा बोलून गेले.

नाव खरवडून ठेवली आहे. फटी बुजवायला गेल्या वर्षी लांबी भरलीच होती, तिचा भुगा झाला. तुमच्या दुकानातली डबाबंद लांबी चालेल का?

दाजींना धीर देणारं चार शब्दांचं पत्र टाक.

तुझी अक्का

सोलापूर, ता. ९ मे

ती. सौ. अक्कास व दाजींस कुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

डबाबंद लांबी नको. शेठजींना सांगू नकोस. ती खिडकीच्या काचेला ठीक. नाव पाण्यात फुगते, उन्हात आकसते, तिच्याबरोबर ती हलत नाही, तडकते.

दाजींची लांबी वाईट नव्हती, लाकूड तहानलेलं होतं. त्यानं लांबीतलं तेल पिऊन टाकलं, म्हणून भुगा झाला. तेव्हा आधी शेंदूर जवसाच्या तेलात कालवून उघड्या लाकडाला अस्तर द्या. लोखंडी पुलालासुद्धा हाच शेंदूर नेतात. तो वाळला की फटीत सूत ठोका, वर राळ तेलात शिजवून थोडा चुना घालून केलेली लांबी, आणि सगळ्यावर डांबर. शेंदूर विषारी, हात धुतल्याशिवाय जेवू नका. माल एस.टी.नं पाठवतो.

आत्याबाईंना नमस्कार. माझ्या चुका पोटात घालून माया ठेवावी.

आपला कुंडलिक

बेलवाडी, ता. १२ जून

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

काय करून बसलास रे! अस्तर झालं, सूत ठोकलं, लांबी भरली, ती छान मऊ बसली. पण अख्खी नाव शेंदरी, आणि वर लिंबाची सावली, जणू झाडाखालचा शेंदराचा देवच! आत्याबाई सकाळी आल्या, बघत राहिल्या, घरात जाऊन नारळ घेऊन आल्या. त्यांचं बघून शेजारची गोजरबाई आली. आता रोज उदबत्त्या. डांबराचा डबा उघडला तर लोक म्हणतात, शेंदरावर काळं फासतोस व्हय? देवावर पाय ठेवायचं तर नावच काढू नको. दाजींचाही हात धजत नाही. काल मी चिडून म्हटलं, मग देवळातच ठेवा ती. वरच्या अंगाला पाऊस आहे म्हणतात. केराबाईचे दिवस जवळ आले. लवकर काही सुचव.

अक्का

सोलापूर, ता. १६ जून

ती. सौ. अक्कास सा. न.

आधी पोट धरून हसलो, मग काळजी वाटली. आत्याबाईंना एवढंच वाचून दाखव. अस्तर आतून असतं, त्यावर वस्त्र लागतं. डांबराशिवाय शेंदूर दोन पावसात धुऊन जाईल. आपण देवाला उघडा ठेवत नाही.

आपला कुंडलिक

बेलवाडी, ता. ३ जुलै

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या की उघडा कशाला ठिवायचा, आण हिकडं ते डांबर. पहिला हात त्यांनीच मारला. नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, वीतभर शेंदूर तेवढा राखला, तिथं पाय कुणाचा पडत नाही. गाव गप्प झालं.

परवा रात्री पलीकडून केराबाईचा निरोप आला. नदी दोन्ही काठ धरून चालली होती. पहाटे आत्याबाई आपणहून घाटावर आल्या, चपला हातात घेऊन नावेत बसल्या. दाजी वल्हं मारत होते, पण नजर सारखी तळाकडे. मीही बरोबर होते. पलीकडे नाव टेकली तेव्हा आत्याबाईंनी उतरायच्या आधी वाकून तळाच्या फळीवरून हात फिरवला, तळवा बघितला, आणि तोच कोरडा हात लेकाच्या डोक्यावर ठेवला. एवढा मोठा माणूस, वल्हं सोडून रडला रे. मलाही आवरलं नाही.

केराबाईला मुलगी झाली. आत्याबाई महिनाभर तिकडेच राहतील. शेळ्या माझ्या गळ्यात.

नदी ओसरली तरी तुझी माया ओसरू नये, एवढंच मागणं.

तुझी अक्का