‘कुणाची?’ या प्रश्नाला डॉर्कसचं लेखी उत्तर

मी डॉर्कस टिन्स्ली, सरकारदरबारी डॉर्कस क्रेनशॉ, धंदा धुणं आणि इस्त्री, राहणार हॅरो फोर्ड, केंटकी, वय सदुसष्टच्या आसपास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने भर दुपारी लिहून ठेवत आहे. वय ‘आसपास’ अशासाठी, की माझा जन्म मोठ्या पुराच्या सालचा असं आई म्हणायची, आणि कोणत्या पुराच्या ते सांगायच्या आधी तिला विकलं. माझे गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. दारू घेतलेली नाही. कुणी धमकावलेलं नाही; मला धमकावणारे बहुतेक जण माझ्या आधीच वर गेले.

लिहायला मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले, सहा वर्षांच्या नातीच्या शेजारी एका बाकावर बसून. ती पुढे शिकत गेली आणि मास्तरीण झाली. मी स्पेलिंगपाशी थांबले. तेव्हा यातल्या सगळ्या चुका माझ्या समजाव्यात. नातीने यातलं एकही अक्षर पाहिलेलं नाही.

कलम पहिलं. गिरणीच्या रस्त्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर, विहीर, मागची परसबाग आणि कुंपण (उत्तरेकडचं पडलं आहे) हे सगळं माझी नात टेंपरन्स, म्हणजे टेंपी, हिला मिळावं. तिने ते विकावं, ठेवावं, जाळावं, तिची मर्जी.

माझा मुलगा इशम यावर हरकत घेईल. हे मला ठाऊक आहे, कारण त्याने ती गेल्या महिन्यात माझ्या तोंडावरच घेतली. इशम चर्चचा पाळक आहे, त्यामुळे हरकतसुद्धा तो उभं राहून घेतो.

“आई, हे घर टिन्स्लींचं आहे. टेंपी टिन्स्ली नाही.”

“मग कोण आहे?”

“मला कशाला बोलायला लावतेस? ती कुणाची आहे ते तुलाही माहीत आहे.”

मी इस्त्री करत होते. इस्त्री खाली ठेवली. हातात राहिली असती तर हे मृत्युपत्र तुरुंगातून लिहावं लागलं असतं.

वकीलसाहेब म्हणतात, मुलगा कोर्टात गेला तर पोरीचं कठीण आहे. तिच्या आईचं लग्न नाही, बापाचं नाव कागदावर नाही, आणि घराच्या खरेदीखतावर माझं नाव टिन्स्ली नसून क्रेनशॉ आहे. म्हणून हे कसं झालं ते मी इथे लिहिते. न्यायाधीशांनी बसून वाचावं. मी पन्नास वर्षं उभं राहून त्यांच्या जातीचे शर्ट धुतले आहेत.

कलम दुसरं, खुलाशाचं. साल अठराशे एकसष्ट. दक्षिणेकडची राज्यं वॉशिंग्टनपासून फुटून निघाली, कारण त्यांना आम्हाला बाळगायचं होतं. हल्ली सभांमधून सांगतात की कारण वेगळंच होतं, काहीतरी फार उदात्त. असेल. मी तेव्हा नुसतं कारण होते, मला कोण विचारणार?

आमचं केंटकी मधोमध. राज्याने जाहीर केलं, आम्ही यांचे नाही, त्यांचे नाही, आम्ही कुणाचेच नाही. अख्ख्या राज्याला असं म्हणता येतं याचं मला फार नवल वाटलं. हेच वाक्य मी म्हटलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. राज्याचं ते चार महिने टिकलं. मग त्याचे मालक ठरले, वॉशिंग्टनवाले, म्हणजे निळ्या कोटांचे.

आमचे मालक क्रेनशॉ निळ्यांशी इमानदार राहिले. त्यांचा मुलगा प्रेस्टन करड्या कोटांत, म्हणजे फुटलेल्या राज्यांच्या सैन्यात, गेला. लोक म्हणायचे, काय हो हा घरातला दुभंग! मला त्यात कुठेच दुभंग दिसला नाही. कुणीही जिंकलं तरी शेत घरातच राहणार होतं.

बासष्टचा उन्हाळा कोरडा गेला. सप्टेंबरात करडे आमच्या भागात आले आणि प्रेस्टनसाहेब लेफ्टनंट होऊन आठवडाभर घरी राहिले. माझी लुसिंडा तेव्हा सोळा वर्षांची, मोठ्या घरात जेवण वाढायला होती. या आठवड्याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. टेंपी पुढच्या जूनमध्ये जन्मली. न्यायाधीशांना बोटं आहेत, त्यांनी मोजावीत.

ऑक्टोबरात दोन्ही सैन्यं भिडली ती आटलेल्या ओढ्यातल्या डबक्याच्या पाण्यासाठी. हजारो माणसं पडली. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्या ओढ्याच्या पाण्यात नुसता रुमालसुद्धा स्वच्छ निघत नाही. करडे इतक्या घाईने मागे फिरले, की लेफ्टनंटसाहेबांचा कोट माझ्या दोरीवरच राहिला. मग निळे आले आणि त्यांचंही धुणं माझ्याकडेच आलं. युद्धाबद्दल मला जे कळलं ते हंड्यापाशी कळलं. करड्या शिपायांचे कपडे अक्रोडाच्या सालीत रंगवलेले, पहिल्याच उकळीला रंग सोडायचे. निळ्यांचा रंग पक्का. उवा दोघांच्याही सारख्याच.

त्रेसष्ट उजाडलं तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी गुलाम मुक्त केले. जी राज्यं फुटली होती तिथले. केंटकी इमानदार, म्हणून केंटकीच्या मालकांना आम्ही बक्षीस राहिलो. क्रेनशॉ मालक पेपर वाचून इतके खूश झाले, की त्या दिवशी आमच्या झोपड्यांना डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम पाठवला. हॅम चांगला होता, हेही लिहून ठेवते.

चौसष्टला बातमी आली की काळा माणूस सैन्यात गेला तर सुटला. जूनमध्ये माझा नवरा ग्रँडिसन हंड्यापाशी येऊन उभा राहिला.

“डॉर्कस, मी निघतो.”

“नीघ. पण आधी सरपण टाकून जा.”

सरपण टाकलं आणि गेला. दोन दिवस चालून नदीकाठच्या छावणीत पोचला. तिथे टेबलामागे कारकून.

“नाव?”

“ग्रँडिसन.”

“कुणाचा?”

चाळीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि तेच तोंडातून निघालं. “क्रेनशॉंचा.” कारकुनाने लिहिलं, ग्रँडिसन क्रेनशॉ.

ग्रँडिसनच्या बापाने टिन्स्ली हे नाव व्हर्जिनियातून आणलं होतं. त्याच्याकडे आणण्यासारखं तेवढंच होतं. घरात आम्ही ते दार लावून म्हणायचो. ज्या दिवशी सुटू त्या दिवशी मोठ्याने सांगायचं, असं ठरलं होतं. तो दिवस आला आणि हा गडी क्रेनशॉ म्हणून बसला. पुढे आम्हीही मालकांकडून पळून छावणीत पोचलो तेव्हा त्याने हे हसत हसत सांगितलं.

मी म्हटलं, “दात काय काढतोस? जा आणि बदलून घे.”

“डॉर्कस, लांब रांग आहे गं. युद्ध संपलं की बदलू.”

पुरुषांची सगळी कामं युद्ध संपल्यावर होतात.

छावणीच्या कडेला आम्ही फळ्यांची खोपटी बांधली. मी, लुसिंडा, दीड वर्षाची टेंपी आणि आठ वर्षांचा इशम. मी शिपायांचं धुणं घेत होते. मग नोव्हेंबरात, पाणी बादलीत गोठायला लागलं त्या आठवड्यात, छावणीच्या साहेबाला आठवलं की शिपाई मोकळे झाले आहेत, त्यांच्या बायकापोरांबद्दल कायद्यात काही नाही. सकाळीच गाड्या आल्या. गाडीवाल्या शिपायाच्या हातात यादी.

“तुम्ही कुणाच्या?”

मी म्हटलं, “ग्रँडिसन टिन्स्लीच्या. तो तिकडे कवायत करतोय, तुमचाच कोट घालून.”

त्याने यादीवर बोट फिरवलं. “बाई, इथे तुम्ही क्रेनशॉंच्या लागता. ज्यांच्या आहात त्यांच्याकडे जा.”

मागे खोपटी पाडत होते. उघड्या गाडीतून नेऊन आम्हाला रस्त्यावर एका मोडक्या सभागृहापाशी सोडलं. त्याला भिंती तीन होत्या. गाडीत लुसिंडाने स्वतःची लोकरीची शाल सोडली, इशमभोवती गुंडाळली, टेंपीला त्याच्या मांडीवर आत घातलं आणि पाठीमागे गाठ मारली.

मी विचारलं, “आणि तू गं?”

“मला गरम होतंय, आई.”

खोटं नव्हतं. ताप होता. गुरुवारी गेली.

मार्चमध्ये कायदा आला की शिपायांची बायकापोरंही मुक्त. चार महिने लागले. वॉशिंग्टन लांब आहे, घोडे दमले असतील. एप्रिलमध्ये युद्ध संपलं. प्रेस्टनसाहेब घरी आले, घोड्यावरून, आणि त्यांच्या आईने गावजेवण घातलं. ग्रँडिसनला मात्र घरी न पाठवता टेक्ससात एका नदीवर पाठवलं. तिथे शत्रू नव्हता, पण मरायची सोय होती. पटकीने गेला. कबरीवरच्या फळीवर ग्रँडिसन क्रेनशॉ लिहिलं आहे म्हणतात.

पुढे पेन्शनचे साहेब चौकशीला आले. म्हणाले, टिन्स्ली नावाचा शिपाई पलटणीत नव्हता, त्यामुळे त्याची विधवा असू शकत नाही. क्रेनशॉ नावाचा मेला आहे, त्याची विधवा हवी असेल तर आहे. मी म्हटलं, मीच ती. अशी मी मालकांच्या तावडीतून सुटल्यावर क्रेनशॉ झाले. त्या पेन्शनवर आणि धुण्यावर त्र्याहत्तरला घर घेतलं, आणि खरेदीखतावर तेच नाव चढलं. खुलासा संपला.

कलम तिसरं. धुण्याचा मोठा हंडा, धोपाटणं आणि तीन इस्त्र्या टेंपीने घराबरोबर घ्याव्यात. मास्तरणीला लाज वाटत असेल तर हंड्यात फुलं लावावीत. शेजारीण केझाया बोल्डन हिने सात वर्षांपूर्वी ‘दुपारपुरती’ नेलेली माझी धुण्याची फळी मी तिला देऊन टाकते, कारण ती परत येईल असं मला वाटत नाही.

कलम चौथं. श्री. प्रेस्टन क्रेनशॉ यांना, त्यांचा दोरीवर राहिलेला कोट परत करता येत नाही याबद्दल दिलगिरी. कापड उत्तम होतं. अस्तराचे टेंपीचे लंगोट झाले आणि बाहेरच्या कापडाचं तिचं पहिलं हिवाळी झबलं. नऊ बटणांपैकी पाच शिल्लक आहेत, ती त्यांना द्यावीत. दरवर्षी करड्या शिपायांच्या स्मारकापाशी भाषण करताना त्यांनी ती लावावीत. त्या पोरीला बापाकडून जे मिळालं ते एवढंच, तेही विसरल्यामुळे.

कलम पाचवं. माझा मुलगा, पाळक इशम टिन्स्ली, याला लोकरीची तपकिरी शाल. ट्रंकेत तळाशी आहे.

इशम, दर नोव्हेंबरात तू प्रवचनात सांगतोस की उघड्या गाडीत देवाने तुला आपल्या पंखाखाली घेतलं आणि तुला थंडी लागू दिली नाही. बायका रडतात. मी दहा वर्षं पहिल्या रांगेत बसून गप्प ऐकते, कारण तू छान सांगतोस. त्या दिवशी तिथे देव मला दिसला नाही. शाल लुसिंडाची होती. गाठ तिने मारली. आणि टेंपीला तुझ्या मांडीवर ठेवलं ते तू तिला सांभाळावंस म्हणून, आणि तिच्यामुळे तुझंही पोट गरम राहिलं. तू लहान होतास, तुला आठवत नाही, म्हणून लेखी देते. शाल अंगावर घे. मग वाटलं तर कोर्टात जा.

कलम सहावं. डब्यातल्या शिलकीतून मला दगड लावावा, त्यावर फक्त डॉर्कस टिन्स्ली असं कोरावं. शेजारी ग्रँडिसन टिन्स्ली असं कोरलेला दगड लावावा. तो तिथे नाही हे मला कळतं. आयुष्यात एकदा तरी नाव बरोबर लिहिलेलं असावं.

कलम शेवटचं. वकीलसाहेब म्हणतात, “डॉर्कसबाई, खरेदीखतावर जे नाव आहे त्याच नावाने सही करा. टिन्स्ली लिहिलंत तर हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा.” मी दोन आठवडे त्यांच्याशी भांडले. त्या नावाने माझ्या हाताने कधी सही करणार नाही असं मी लुसिंडाला पुरताना ठरवलं होतं. पेन्शनच्या कागदांवर आणि खरेदीखतावर मी नुसती फुली मारली होती, तेव्हा मला लिहिता येतं हे कुणाला सांगितलंच नाही. पण फुलीवर इशमचा वकील संशय घेईल, माझ्या अक्षरावर नाही. क्रेनशॉंनी माझी चाळीस वर्षं फुकट वापरली. मी त्यांचं नाव एका दुपारी वापरते.

टेंपी, आता तुला सांगते. कोर्टात कुणीतरी चष्मा सावरून तुला विचारेल, “तू कुणाची?” वरवर साधा वाटेल प्रश्न. तुझा आजोबा त्याला झटकन उत्तर देऊन बसला, आणि ते उत्तर आम्ही सगळे अजून फेडतोय. तू झटकन बोलू नकोस. क्रेनशॉंची म्हणू नकोस, टिन्स्लींची म्हणू नकोस, माझीसुद्धा म्हणू नकोस. सरळ बघ आणि सांग, “घर माझं आहे.” आणि खाली बस.

ठिकाण हॅरो फोर्ड, केंटकी. तारीख १२ मार्च १८८९.

साक्षीदार:
ऑबेडाया रक्कर, लोहार. सही केली.
केझाया बोल्डन, शेजारीण. फुलीची खूण केली. (वकीलसाहेब आत्ता सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तरी केझायाने माझी फळी आज संध्याकाळपर्यंत आणून द्यावी.)

साक्षीदारांसमोर सही:

डॉर्कस क्रेनशॉ, घरापुरती.
डॉर्कस टिन्स्ली, बाकी सगळ्यासाठी.