लाल पेटीचा पट्टा

ओढ्याकाठचं घर, मिझुरी
२५ जानेवारी १९८८

लाडक्या क्लो,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघा कसा आहे? टुसॉनच्या उन्हाने तरी तो ताळ्यावर यायला हवा. शाळेत सिस्टर पर्पेच्युआंनी शिकवलं होतं ना, पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस, मग हवापाणी, आणि स्वतःचं रडगाणं पानाच्या मागच्या बाजूला. म्हणून आधी हवा सांगते. दहा दिवस सगळं गोठलेलं आहे. आपल्या खोऱ्यात ऊन अकराला उतरतं आणि तीनला डोंगराआड जातं, तुला आठवत असेल. नव्या वर्षाला गोड पिठाचे क्रोकिन्योल तळले. आपल्या आईसारखे फुलले नाहीत. व्हर्जिलने सात खाल्ले आणि वर म्हणाला, "गळाला लावले असते तर बरे मासे मिळाले असते." म्हणजे आवडले.

मासेमारी चालू आहे. माझी, म्हणजे त्याची. नवऱ्याचे पाय गेल्यापासून हा नववा हिवाळा मी पाण्यात उतरतेय. तो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसतो, तावदान चार बोटं वर सरकवतो आणि शिट्टी वाजवतो. एक शिट्टी म्हणजे ओढ. दोन म्हणजे हलू नकोस. झरा ओढ्याला मिळतो तिथलं पाणी कधी गोठत नाही. ट्राउट तिथे हिवाळाभर पळत असतात. ते धरायचे आणि सोडून द्यायचे, थंडीत घरी आणायचे नाहीत. बास माशाचं तसं नाही. पाणी गार झालं की तो डोहाच्या तळाशी खडकाला टेकून पडतो आणि मार्चपर्यंत जागचा हलत नाही. त्याच्यासमोर आमिष ठेवायचं आणि आपणही हलायचं नाही. गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरतं, ते मी तोंडात घेऊन वितळवते. धातूची चव जिभेवर दिवसभर राहते.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी जरा हलले तर खिडकीतून ओरडला, "ओडी, मासा धरतेयस की भांडी विसळतेयस?" मी म्हटलं, "भांड्यांना निदान पाणी तरी गरम असतं!" शेजारचा एल्मो पुलावरून चालला होता, त्याने हसायला ट्रक थांबवला.

आता पान उलटते.

तू लिहिलंस, खोली रिकामी आहे, दोन फेब्रुवारीच्या कँडलमासपर्यंत हो की नाही कळव, पुन्हा विचारणार नाही. हेही लिहिलंस की नऊ वर्षांपूर्वी तू दिवसभर बसथांब्यावर उभी होतीस आणि माझ्याकडून एक ओळ आली: "व्हर्जिल पडला." तू ते निमित्त समजलीस. निमित्त नव्हतं ते, क्लो. पण पुरतं खरंही नव्हतं.

व्हर्जिल कधीच वाईट नव्हता. तो नोव्हेंबरात ओढ्यात शिरायचा आणि मार्चमध्ये बाहेर यायचा, आणि मधले महिने मी भिंतींशी बोलायचे. त्या सकाळी तो पाण्यावर गेला की टेबलावर चिठ्ठी ठेवायची आणि दहाला एल्मोच्या ट्रकमधून बसला जायचं, असं ठरवलं होतं. लाल पेटीचं कुलूप तुटलेलं. बांधायला आदल्या दुपारी हाताला पट्टा लागला. पाण्यात उतरताना छातीपर्यंतच्या रबरी विजारीवर कमरेला आवळतात, तो. पट्टा नसला आणि माणूस घसरला की विजार पाण्याने भरते आणि माणूस उठत नाही. इथल्या कुठल्याही पोरीला हे ठाऊक असतं. मलाही होतं. त्याच्याकडे दोन पट्टे आहेत असं मी धरून चालले. एकच होता.

एल्मो मला न्यायला आला तो पुलावरून व्हर्जिलची टोपी तरंगताना पाहून. व्हर्जिल काठच्या सिकमोर झाडाच्या मुळांत अडकला होता, पाठ मोडलेली. ज्या ट्रकने मी जाणार होते त्याच ट्रकमध्ये त्याला आडवं घातलं. दवाखान्यातून परत आल्यावर मी पेटी सोडली आणि पट्टा खिळ्याला टांगला, जणू तोच न्यायला विसरला होता.

हे मी फादरांनाही कधी सांगितलेलं नाही.

आता रोज सकाळी मी त्याच्या खुर्चीकडे पाठ करून उभी राहते. तो तोच पट्टा माझ्या कमरेला श्वास कोंडेपर्यंत आवळतो आणि विचारतो, "घट्ट?" मी म्हणते, "घट्ट." बुधवारी आवळता आवळता म्हणाला, "क्लो बोलावतेय ना? जा."

"आणि तुझं काय?"

"एल्मोची बहीण येईल म्हणतेय. तुझ्याहून वाईट रांधते, पण बोलते कमी."

मग पाठीमागून आवाज आला, "ओडी, मी पट्टा पाहिला होता. त्या सकाळी मोजे शोधताना, कपाटात. लाल पेटीला."

माझ्याने वळवेना. "मग सोडून का नाही घेतलास?"

"सोडला असता तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तू गेली नसतीस. म्हटलं, एक सकाळ पट्ट्याशिवाय काय होतंय." आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल, ऊन जाईल."

मी पाण्यात गेले. दुसरं काय करणार? डोहात आमिष ठेवलं. बऱ्याच वेळाने दोरी जड झाली. थंडीतला बास ओढत नाही, नुसता जड होतो. मी शिट्टीची वाट पाहिली. एकही नाही. वर पाहिलं तर खिडकीत खुर्चीची पाठ. नऊ वर्षं ती शिट्टी मला ओढ्यात फेकून द्यावीशी वाटायची, आणि ती थांबली तर माझा हात हलेना. मासा आपणच सोडून गेला. मी उभीच.

चूक माझी एकटीची होती तोवर राहणं सोपं होतं, फेडत होते. आता राहायचं तर स्वतःच्या मनाने राहावं लागेल आणि जायचं तर त्याच्या तोंडावर. त्याने शिट्टीही खिळ्याला अडकवून टाकलीय. आज सकाळपासून तीनदा पेटी बाहेर काढली आणि तीनदा पलंगाखाली ढकलली.

म्हणून नुसतं बोलावू नकोस, क्लो. ये आणि घेऊन जा. "निघते" हा एक शब्द मला त्याच्यासमोर उच्चारायचाय, आणि एकटीने तो फुटत नाही. तू शेजारी उभी राहिलीस तर फुटेल. येताना मजबूत दोरी आण. कुलूप अजून तुटलेलंच आहे, आणि पट्टा मी नेणार नाही.

अजून डोहातच उभी,
तुझी ओडील